निळीच्या शहरातलं भांडण

एका कापडापासून सुरुवात करू. गडद निळं, बायकांनी कमरेभोवती गुंडाळायचं, अडीच-अडीच वारांचे दोन तुकडे मधे शिवून केलेलं. मधोमध एक गोल चौकट आणि त्या चौकटीत एक राजा आणि एक राणी. चेहरे कुठल्यातरी फोटोवरून काढलेत हे लगेच कळतं, पण काढता काढता ते इतके बदललेत की दोघंही आता फारसे इंग्रज राहिलेले नाहीत. राजा म्हणजे ब्रिटनचा पाचवा जॉर्ज आणि राणी म्हणजे मेरी. 1935 साली त्यांच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा साम्राज्यभर मिरवणुका निघाल्या, खास तिकिटं छापली गेली. नायजेरियातल्या योरुबा रंगारणींनी त्याचं कापड केलं. या नक्षीचं नाव 'ओलोबा', म्हणजे 'राजा असलेलं'. बाजारात ती धडाक्यात चालली आणि पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली.

बारा वर्षांनी, 1947 च्या नोव्हेंबरात, याच योरुबा मुलुखातल्या अबेओकुता नावाच्या शहरात दहा हजारांच्या आसपास बायका एका राजवाड्याबाहेर ठाण मांडून बसल्या. हा राजा इंग्रज नव्हता, त्यांचाच होता. पुढच्या चौदा महिन्यांत त्याला गादी आणि शहर दोन्ही सोडावं लागलं.

कापडावर राजा मिरवणाऱ्या बायका आणि राजाला घालवणाऱ्या बायका. या दोन गोष्टींमधे रंगाच्या माठावरून झालेलं एक भांडण आहे. ते समजून घ्यायचं तर आधी ते शहर बघावं लागेल.

* * *

अबेओकुता लागोसच्या उत्तरेला, ओगुन नदीच्या काठी आहे. नावाचा अर्थ 'खडकाखाली'. शहरात ओलुमो नावाचा प्रचंड खडक आहे, त्याच्या कपारींमधे पहिल्या लोकांनी आसरा घेतला. हे लोक एग्बा. ओयो नावाचं मोठं योरुबा साम्राज्य एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडायला लागलं आणि सगळ्या मुलुखात लढाया पेटल्या. गावं जळत होती, माणसं पकडून गुलाम म्हणून विकली जात होती. 1830 च्या सुमारास सोडेके नावाच्या पुढाऱ्याबरोबर एग्बा निर्वासित इथे आले.

म्हणजे हे 'प्राचीन' शहर साधारण आपल्या महाबळेश्वरच्या वयाचं. इंग्रजांनी तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं, त्याच सुमाराला इकडे निर्वासित खडकाखाली चुली मांडत होते.

आलेल्या लोकांनी एक गंमत केली. जळालेलं गाव त्यांनी सोडलं, पण गावाचं नाव आणि गावचे मानकरी बरोबर आणले. त्यामुळे अबेओकुता हे एक शहर कमी आणि शंभरावर गावांची मोट जास्त होती. प्रत्येक वस्तीचे आपापले प्रमुख, आपापल्या सभा. अलाके हा त्यातल्या आके भागाचा राजा. त्याला मान होता, पण बाकीच्या राजांना आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे इयालोडे. योरुबा शहरांमधे बायकांचं हे एक पद. इयालोडे बायकांच्या वतीने बोलायची, बाजाराचे तंटे सोडवायची, सभेत बसायची. अबेओकुतात हे पद 1864 मध्ये एफुनरोये तिनुबू नावाच्या बाईला मिळालं. तिनुबू मोठी व्यापारी. शेजारच्या दाहोमी राज्याने शहरावर चाल केली तेव्हा तिने लढणाऱ्यांना शस्त्रं आणि दारूगोळा पुरवला, त्या कामगिरीचा हा मान. तिचं चरित्र स्वच्छ पांढरं नाही, तिने गुलामांचाही व्यापार केला. तरी एक गोष्ट दिसते ती अशी की या शहरात पैसा कमावणाऱ्या बाईला राजकारणात जागा असणं कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

तिनुबूनंतरच्या इयालोडेचं नाव जोजोलोला. शहरात अशी आठवण सांगतात की अबेओकुतातलं पहिलं आदिरे केम्ता वस्तीतल्या या जोजोलोलाच्या वाड्यात झालं.

* * *

आदिरे. 'आदि' म्हणजे बांधणं, 'रे' म्हणजे रंगात बुडवणं. शब्द फोडला की कृती कळते, आणि आपल्याला ती अनोळखीही नाही, बांधणीच ती. कापडाला ठिकठिकाणी गाठी मारायच्या, निळीत बुडवायचं, गाठी सोडल्या की तिथे पांढरी नक्षी. ताडाच्या पातीच्या धाग्याने, म्हणजे राफियाने, बांधलं की त्याला 'ओनिको' म्हणायचं. सुईने टाके घालून कापड आवळलं तर 'अलाबेरे'. आणि तिसरी तऱ्हा 'एलेको', जी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिच्यात स्वयंपाकघर आहे. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात तुरटी आणि मोरचूद घालायचं आणि कोंबडीच्या पिसाने ती कापडावर लावत चित्र काढायचं. खळ वाळली की तिथे रंग शिरत नाही.

पण गाठी आणि खळ हा निम्माच भाग. खरी विद्या माठात आहे.

तिथली नीळ आपल्या निळीच्या झाडाची नाही. 'एलू' नावाची एक रानवेल आहे. तिची कोवळी पानं उखळात कुटून गोळे करायचे आणि वाळवायचे. दुसरीकडे लाकडं जाळून राख. एकावर एक दोन माठ ठेवायचे, वरच्याच्या बुडाला भोकं. वर राख घालून पाणी ओतलं की खाली थेंब थेंब क्षाराचं पाणी जमतं. त्या पाण्यात निळीचे गोळे भिजत घालायचे आणि वाट बघायची, पाच दिवस, सात दिवस. माठ आंबतो, फसफसतो, आणि त्याचा वास आख्ख्या आळीला कळतो. नीळ पाण्यात सहज विरघळत नाही, ती विरघळवण्यासाठी हे आंबवणं लागतं. माठ तयार झाला की नाही हे ठरवायला यंत्र नव्हतं. फेस, वास, चव आणि अनुभव, एवढंच. माठ बिघडला की आठवड्याची मेहनत गटारात. म्हणून रंगारणी 'इया मापो' या बायकांच्या हुन्नरांच्या देवीची भाक करत. आपल्याकडे पापड-सांडगे बिघडू नयेत म्हणून काय काय पाळतात ते आठवा.

कापड माठातून बाहेर काढलं की हिरवट दिसतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. जितक्या वेळा बुडवू तितका रंग चढतो, शेवटी काळ्याच्या जवळ जातो. मग लाकडाने कुटून कापडावर चकाकी आणायची. माठ सांभाळणारी ती 'अलारो'. गाठी बांधणाऱ्या, खळ लावणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका बऱ्याचदा वेगळ्या असत. या सगळ्या साखळीत मुख्यतः बायकाच. आईकडून मुलीकडे जाणारं हे काम, आणि त्याचा पैसा ज्या त्या बाईच्या स्वतःच्या गाठीला. योरुबा घरात नवऱ्याची आणि बायकोची कमाई वेगळी असे.

* * *

आता जरा अवघड प्रश्न. या सगळ्यातलं 'पारंपरिक' नेमकं किती?

नीळ खूप जुनी. तिथल्या मागावरचं जाडं सुती कापड निळीत रंगवणं जुनं, आणि जुनी विटलेली वस्त्रं पुन्हा बुडवून काढण्याची रीतही जुनी. पण ज्याला जग आज आदिरे म्हणून ओळखतं, ते नाजूक नक्षीचं कापड, हाताने विणलेल्या जाड्या कापडावर उमटलंच नसतं. त्याला पातळ, गुळगुळीत, पांढरं कापड लागतं. ते आलं मँचेस्टरहून. म्हणजे आपल्याकडे मांजरपाट म्हणत, त्याच्याच भावकीतलं कापड. 1901 पर्यंत लागोसहून इबादानला रेल्वे गेली ती अबेओकुतावरूनच, आणि विलायती कापडाचे गठ्ठे थेट शहरात उतरू लागले.

मँचेस्टरचं आणि या शहराचं नातं त्याआधीचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथले गिरणीवाले आणि मिशनरी अबेओकुतात कापूस पिकवायच्या मागे होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा ही घाई आणखी वाढली. त्याच युद्धाने मुंबईत काय केलं ते आपल्याला माहीत आहे. कापसाच्या पैशाने शहर चार वर्षं वेडं झालं आणि 1865 मध्ये शेअर बाजार कोसळला. अबेओकुताच्या वाट्याला एवढं वेडही आलं नाही. कापूस गेला थोडासाच, आणि कापड मात्र परत आलं भरपूर.

त्या कापडाचं काय करायचं याची दोन उत्तरं जवळजवळ एकाच वेळी दिली गेली. 31 जुलै 1921 ला परळमध्ये गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली. त्याच वर्षांत अबेओकुतातल्या बायका तेच विलायती कापड उधारीवर आणून निळीत बुडवत होत्या आणि दुप्पट मोलाचं करून विकत होत्या. कोण बरोबर, हा प्रश्न इथे मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आपल्याकडे विणकर मेला होता आणि होळीत त्याचा राग होता. तिकडे रंगारणीला त्याच कापडाने जन्माला घातलं होतं. शिवाय नीळ म्हटलं की आपल्याला चंपारण्य आठवतं, मळेवाले आणि सक्ती आठवते. अबेओकुतात नीळ म्हणजे बाईच्या हातातला पैसा.

रंगारणींनी आणखीही उसनवारी केली. चहाच्या खोक्यांना आतून धातूचे पातळ पत्रे असायचे. ते कापून छापे करायची कल्पना निघाली. छाप्यातून खळ भरली की पिसाने तासन् तास चितारायची गरज नाही. पत्रे कापायचं काम पुरुषांनी घेतलं. शिवणयंत्र आलं तसं टाके घालायचं कामही बरंचसं पुरुषांकडे गेलं. शेजारच्या इबादानला पिसाने काढायची पद्धत टिकली, अबेओकुताची ओळख छाप्याची झाली. राजा-राणीच्या चौकटीसारख्या नक्षीला असे छापे सोयीचे. आणि 'इबादानदुन', म्हणजे 'इबादान गोड आहे', ही प्रसिद्ध नक्षी पाहिली तर तिच्यात इबादानच्या वसाहतकालीन टाउन हॉलचे खांब दिसतात. बाजारात जे नवं घडेल ते कापडावर यायचं. ही त्या काळची टाइमलाइन होती म्हणा हवं तर.

1920 च्या दशकात धंदा जोरात आला. गोल्ड कोस्ट आणि सेनेगलपासूनचे व्यापारी अबेओकुतात येऊन कापड न्यायचे. युरोपीय कंपन्या बायकांना पांढरं कापड उधारीवर द्यायच्या, रंगवलेलं विकून बायका उधारी फेडायच्या. धंदा चालू असेपर्यंत ही उधारी कुणाला टोचली नाही.

* * *

1929 ला जग मंदीत गेलं. पश्चिम आफ्रिकेत पामतेल आणि कोकोचे भाव पडले, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा उरला नाही. कंपन्यांची उधारी मात्र तशीच उभी. हप्ता भरायला रोख हवी म्हणून बायका पडेल भावाला कापड विकू लागल्या. एकीने भाव पाडला की शेजारणीलाही पाडावा लागे. मग खर्च कुठून कमी करायचा? कापड विकत घ्यायलाच लागतं. उरला माठ.

बाजारात दोन वस्तू आल्या होत्या. एक म्हणजे जर्मन कारखान्यांनी 1897 पासून विकायला काढलेली कृत्रिम नीळ, जिने आपल्याकडच्या निळीच्या मळ्यांचाही कणा मोडला. दुसरी कॉस्टिक सोडा. राखेचं पाणी गाळत बसायला नको, एलूची पानं कुटायला नकोत, आठवडाभर वाट बघायला नको. डबा उघडा, मिसळा, बुडवा. मंदीत वेळ हाच पैसा होता, त्यामुळे बायकांनी हे उचललं यात नवल नाही.

तोटेही खरे होते. सोडा हात जाळतो, प्रमाण चुकलं तर कापड कुजवतो. घाईत रंगवलेलं कापड फिकं पडायचं. बाहेरगावचे व्यापारी तक्रारी करू लागले आणि अबेओकुताच्या मालाचं नाव खराब झालं. मग राजाने हुकूम काढला. राजा म्हणजे अलाके, दुसरा अदेमोला, 1920 पासून गादीवर. रसायनं बंद, जुन्या पद्धतीनेच रंगवा.

वरवर पाहिलं तर किती शहाणपणाचा हुकूम! आज कुणी असा काढला तर आपण 'नैसर्गिक रंग वाचवा' म्हणून स्टोरी टाकू. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा राजाच्याच बाजूने होतो. पण हुकुमाचा भार कुणावर पडतो ते बघा. उधारी देणाऱ्या कंपनीला त्याची झळ नाही. सोडा आणि रंग आयात करून विकणाऱ्यांनाही फारशी नाही. जिला आठवड्यात हप्ता भरायचा आहे तिला मात्र आता सात दिवस माठाशेजारी बसायचं, तेही भाव पडलेले असताना. मालाचा दर्जा का घसरला या प्रश्नाचं उत्तर राजाने आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी रंगारणीच्या माठात शोधलं, तिच्या उधारीच्या वहीत शोधलं नाही.

रंगारणी गप्प बसल्या नाहीत. त्या जमल्या, निषेध केला, वकील दिला. 1936 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि त्याच्यापुढे निळ्या हातांच्या बायकांनी आपला धंदा कसा चालतो, पैसा कुठे अडतो हे सांगितलं. अक्षरओळख नसलेल्या बायका सरकारी आयोगाला रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र एकदम समजावत होत्या.

गंमत म्हणजे परंपरेच्या नावाने हुकूम काढणारी ती सत्ताही तशी नवीच होती. अलाके हा अनेकांतला एक, हे मघाशी पाहिलं. 1914 पर्यंत एग्बांचं आपलं सरकार होतं. ते संपवून इंग्रजांनी 'स्थानिक राजांमार्फत राज्य' ही पद्धत बसवली, आणि त्यासाठी त्यांना एकच राजा हवा होता, एकच सही, एकच शिक्का. म्हणून अलाकेला त्यांनी इतकं मोठं केलं, जितका तो जुन्या रिवाजात कधीच नव्हता. आणि इयालोडे, जी खरोखर जुन्या रिवाजातली होती, तिला या नव्या कारभारात अधिकाराची जागा उरली नाही. राणीच्या फोटोखाली बसून कारभार करणाऱ्या गोऱ्यांना बायकांचं मत घेणं सुचलं नाही.

* * *

1918 पासून अबेओकुतात थेट कर होता, आणि तो बायकांवरही होता, नवऱ्यापासून वेगळा. बायका स्वतः कमावतात ना, मग कर भरा. पण कर भरणाऱ्याला सभेत जागा असते, हा त्या हिशेबाचा दुसरा भाग कुणी वाचला नाही. मुलींवर कर सुरू व्हायचा पंधराव्या वर्षी, मुलांवर सोळाव्या. वय लिहून ठेवायची पद्धत नव्हती. करवसुली करणारे मुलींचं वय ठरवायला त्यांचे कपडे उतरवून बघतात, ही बायकांची जाहीर तक्रार होती.

इथे फुनमिलायो रॅन्सम-कुटी येतात. जन्म 1900, अबेओकुताच्याच. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या, शिक्षिका, नवरा पाद्री आणि शाळेचा मुख्याध्यापक. त्यांनी सुरू केलेला 'लेडीज क्लब' शिकलेल्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांचा होता, तिथे शिवणकाम आणि चहापान चाले. मग बाजारातल्या बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले आणि वर्गात अक्षरांच्या आधी गाऱ्हाणी आली. महायुद्धाच्या काळात अधिकारी बाजारातल्या बायकांचा तांदूळ जप्त करत होते, पैसे न देता. क्लबच्या बायकांनी हे ऐकलं आणि क्लब बदलला. 1946 मध्ये त्याचं नाव 'अबेओकुता विमेन्स युनियन' झालं, पुढे सभासद वीस हजार असल्याचा युनियनचा दावा होता. फुनमिलायोंनी जाहीर सभांत इंग्रजीऐवजी योरुबा बोलायला सुरुवात केली, आणि परदेशी झगा टाकून बाजारातल्या बायकांसारखं कापड गुंडाळायला लागल्या.

मागण्या साध्या होत्या. बायकांवरचा कर रद्द करा, आणि कारभारात बायकांना जागा द्या. सोबतीला त्या युनियनचे हिशेबनीस लावून राजाच्या खजिन्याची तपासणी करत होत्या, ज्याचा राजाला भाषणांपेक्षा जास्त राग आला असणार. मोर्चाला परवानगी मिळेना तेव्हा बायकांनी सांगितलं, मोर्चा कुठे, आम्ही सहलीला निघालोय. नोव्हेंबर 1947 च्या शेवटी त्यांनी राजवाड्याला वेढा घातला, रात्रभर बसून राजाला चिमटे काढणारी गाणी गायली. त्या गर्दीत निरोप पोचवत धावणारा एक तेरा वर्षांचा मुलगा होता, वोले सोयिंका. पुढे 1986 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालेला. त्याने लहानपणाच्या आठवणींच्या 'आके' या पुस्तकात हे सगळं लिहिलंय. फुनमिलायोंचा मुलगा फेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचं नाव तुमच्या प्लेलिस्टमध्ये कदाचित असेल.

या हजारो बायकांत रंगारणी किती होत्या ते कुणी मोजलेलं नाही. पण बाजारातून बाई निघाली आणि तिच्यात रंगारीण नाही असं त्या शहरात शक्य नव्हतं. वकील द्यायचा, आयोगापुढे बोलायचं, राजाचा हुकूम म्हणजे शेवटचा शब्द मानायचा नाही, हे त्या बाजाराला 1936 पासून ठाऊक होतं.

जानेवारी 1949 मध्ये अलाकेने गादी सोडली. बायकांवरचा कर थांबला. नव्या सभेत काही बायका बसल्या, फुनमिलायो त्यांतल्या एक. विजय पूर्ण नव्हता. 1950 च्या अखेरीस अदेमोला परत आला आणि 1962 मध्ये मरेपर्यंत गादीवर राहिला.

* * *

रसायनांवरची बंदी टिकली नाही, हे आज अबेओकुताच्या इटोकू बाजारात गेलेला कुणीही सांगेल. तिथे कॉस्टिक सोडा आणि डब्यातले रंग रोजच्या वापरातले आहेत. निळ्याच्या जोडीला आता जांभळं, केशरी, पोपटी सगळं आहे. एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी मेणाचे आणि भडक रंगांचे प्रकार निघाले, त्यांना बायकांनी नाव दिलं 'कम्पाला'. नायजेरियातलं बियाफ्राचं युद्ध थांबवण्यासाठी 1968 मध्ये युगांडातल्या कम्पाला शहरात बोलणी झाली होती. बोलणी फिसकटली, नाव कापडाला चिकटलं. राजाच्या रौप्यमहोत्सवाची सवय सुटलेली नव्हती.

एलू आणि राखेचा माठ अजून पूर्ण विझलेला नाही. निके डेव्हिस-ओकुंडाये यांच्यासारख्या कलाकारांनी ती विद्या जुन्या बायकांकडून घेऊन कार्यशाळांतून शेकडो तरुणांना शिकवली. त्या माठातलं कापड महाग असतं आणि बहुतेक वेळा गॅलरीत किंवा फॅशन डिझायनरकडे जातं. ते टिकावं असं मलाही वाटतं. पण ते टिकवायचा खर्च बाजारातल्या गरीब बाईने एकटीने का सोसावा, हा 1936 चा प्रश्न जागचा हललेला नाही.

आता बाजारात नवं संकट आहे. चीनमधल्या कारखान्यांत छापलेलं, आदिरेसारखं दिसणारं कापड स्वस्तात येतं. अबेओकुतातल्या बायका त्यावर चिडून आहेत. यावर एखादा हुशार माणूस म्हणेल की तुम्हीही विलायती कापडच वापरलंत ना, चहाच्या खोक्याचे छापेच ना तुमचे, मग आता शुद्धतेचा आग्रह का? पण मँचेस्टरच्या कापडाने रंगारणीला काम दिलं होतं, तिचे हात मधे होते. या छापील कापडात तिची नक्षी आहे आणि ती स्वतः कुठेच नाही. तिचं भांडण परक्या मालाशी कधीच नव्हतं.

ओळखायचं कसं, तर एलेको असेल तर कापड उलटं करून बघतात. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकट, पांढुरकी असते, कारण शाई वरवर बसलेली असते. खऱ्या एलेकोत खळ एकाच अंगाला लावतात आणि कापड आख्खं माठात जातं, त्यामुळे मागची बाजू जवळजवळ सगळी निळी होते. राजा-राणीचं ते 1935 चं कापडही असंच उलटून बघता येतं. मागे चौकटीची एखादी पुसट सावली असते, बाकी सगळी नीळ.